न्यूझीलंडच्या डेअरी फार्मवर, शेतकरी कुटुंबात राहून काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायकाटोत दोन आणि साउथलंडमध्ये एक, असे तीन सीझन मी न्यूझीलंडमधल्या डेअरी कुटुंबांकडे राहून काढले. परत आल्यापासून कोणाचा ना कोणाचा फोन असतोच: डेअरी डिप्लोमा झालेली मुलं-मुली, गोठा असलेल्या घरातली पोरं, कधी त्यांचे वडील. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. यातला बराच भाग गायींबद्दल आहे, पण तिथे खरी अडचण गायींची नसतेच. मालक, घरमालक आणि शेजारी ही तिन्ही माणसं एकच असतात, अडचण तिथे असते.

नेमकं काम काय असतं?

धारा काढणं हे साधारण निम्मं काम. बाकीचं म्हणजे कुरणातून गायी आणणं-नेणं, झटक्याच्या तारा हलवून रोजच्या गवताचा तुकडा पाडून देणं, वासरं पाजणं, पाण्याच्या टाक्यांचे फ्लोट दुरुस्त करणं, लंगडणाऱ्या गायीचं खूर बघणं आणि शेड धुणं. शेड धुणं तर संपतच नाही.

एक चित्र आधी डोक्यातून काढून टाका. तिथे गाय दावणीला नसते. बहुतेक फार्मवर गव्हाण नाही आणि आपण म्हणतो तसा गोठाही नाही. बाराही महिने गायी उघड्यावर, कुरणात. कुरणाच्या प्रत्येक तुकड्याला ‘पॅडक’ म्हणतात, पॅडकपासून शेडपर्यंतच्या रस्त्याला ‘रेस’. शेड फक्त दूध काढण्यापुरती. एका कळपात सरासरी साडेचारशेच्या आसपास गायी असतात आणि एवढ्या गायींना माणसं दोन-तीन, फार तर चार. त्यातलं एक मालक, एक त्याची बायको आणि उरलेले तुम्ही, असंही असतं.

हेरिंगबोन आणि रोटरी म्हणजे काय? कुठे काम सोपं?

हेरिंगबोनमध्ये मधोमध लांब खड्डा असतो आणि तुम्ही खड्ड्यात उभे. दोन्ही बाजूंना गायी माशाच्या काट्यांसारख्या तिरक्या उभ्या राहतात, त्यामुळे कास बरोबर तुमच्या हाताच्या उंचीला येते. वायकाटोतल्या गॉर्डनटनचा शेतकरी रॉन शार्प याने १९५२ मध्ये ही रचना काढली. वाकून वाकून कंबर मोडणाऱ्या माणसाने विचार करून काढलेली गोष्ट आहे, हे पहिल्याच दिवशी कळतं. रोटरी म्हणजे फिरता चौथरा. गायी एकेक करून चढतात, चौथरा सावकाश फिरतो, फेरी पुरी होईस्तोवर दूध निघालेलं असतं आणि गाय मागे सरकून उतरते. ही तारानाकीतल्या मर्व्ह हिक्स याची, १९६९ सालची.

रोटरीत तुम्ही एका जागी उभे आणि गायी तुमच्यापुढे येतात. ऐकायला सोपं, पण दोन तास तेच, मशीनचे कप सडांना लावत राहायचं: कप लाव, कप लाव, कप लाव. हेरिंगबोनमध्ये चालणं जास्त आणि डोक्यावर शेण पडण्याची शक्यताही जास्त, पण गाय ओळखीची होते. मला विचाराल तर शिकायला हेरिंगबोन बरी.

घरी दोन-चार गायी आहेत. त्या अनुभवाचा उपयोग होतो का?

होतो, पण जिथे वाटतो तिथे नाही. हाताने धार काढण्याचं तिथे कोणाला अप्रूप नाही. तरी कासदाह ओळखायला पहिल्या चार धारा हातानेच काढून बघतात, आणि तेव्हा तुमचा हात इतरांपेक्षा हलका पडतो. खरा उपयोग नजरेचा. गाय कान पाडून का उभी आहे, रवंथ का थांबलंय, ही आज रात्री विणार की उद्या, हे ज्याला कळतं त्याची किंमत पहिल्या आठवड्यात वाढते.

विसरायची गोष्ट एकच: ओरडणं आणि काठी. तिथे गायींमागे सावकाश, गप्प चालतात. घाई केली की खडीवर खुरं दुखावतात, लंगड्या गायी वाढतात, आणि मालक काही न बोलता तुमच्याकडून कळप काढून घेतो.

वर्षाचं चक्र कसं असतं? कधी गेलेलं बरं?

तिथे सगळा कळप जवळपास एकाच वेळी वितो आणि एकाच वेळी भाकड होतो. कारण गवत. वसंतात गवत झपाट्याने वाढतं आणि विकतचा चारा महाग पडतो, म्हणून गायीची सगळ्यात जास्त भूक आणि गवताची सगळ्यात जास्त वाढ एकाच वेळी यावी असं गणित बसवलेलं असतं. गाभण काळ सुमारे २८३ दिवसांचा. वर्षातून उरतात ८२. तेवढ्यात गाय सावरून, माजावर येऊन, पुन्हा गाभण राहिली पाहिजे, नाहीतर ती या चक्राबाहेर पडते.

ऋतू उलटे आहेत हे लक्षात ठेवा. जून म्हणजे ऐन थंडी आणि गायी भाकड. जुलैच्या शेवटापासून वेत सुरू होतात, ऑगस्ट म्हणजे नुसती धावपळ. ऑक्टोबरपासून कृत्रिम रेतन, मग बैल. उन्हाळ्याच्या तोंडाला मुरघास. मेमध्ये गायी आटवायच्या. सीझन १ जूनला बदलतो. त्या दिवशी देशभर डेअरी कुटुंबं, गायी, फ्रीज आणि कुत्र्यांसकट एका फार्मवरून दुसऱ्यावर हलतात.

मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला पोहोचावं. महिनाभर घर, रस्ते, कुंपणं, माणसं ओळखीची होतात. ऐन ऑगस्टमध्ये उतरलात तर तुम्हाला शिकवायला कोणालाच वेळ नसतो, आणि थकलेल्या माणसाकडून शिकण्यासारखं वाईट काही नाही.

वेताचा हंगाम खरंच इतका कठीण असतो?

हो. साडेचारशे गायींच्या कळपात गर्दीच्या दिवसांत रोज दहा-पंधरा गायी वितात, आणि त्यांना पाऊस, गारा, रात्र काही कळत नाही. पॅडकमध्ये फिरून वासरं गोळा करायची, नाळेला आयोडीन लावायचं, पहिल्या काही तासांत चीक पाजायचा, गाय आणि वासराचा नंबर वहीत लिहायचा. मिल्क फीवरने, म्हणजे व्यायल्यावर अंगातलं कॅल्शियम घटल्याने, बसलेली गाय दिसली की कॅल्शियम द्यायचं. आणि हे सगळं दोन वेळच्या धारांच्या मधल्या वेळात.

व्यायल्यानंतर पहिल्या चार दिवसांचं, म्हणजे आठ धारांचं दूध मुख्य टाकीत जाऊ द्यायचं नसतं. ते वासरांना. एवढा पिवळाधमक चीक पाहून खरवस आठवणारच. मी एकदा करून घातला. पोरांनी पुन्हा मागितला, मालकाने चमचाभर चाखून ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे नको, हे मला नंतर कळलं.

दिवस किती वाजता सुरू होतो?

बहुतेक ठिकाणी पहाटे साडेचार-पाचला, दुसरी धार दुपारी अडीच-तीनला. मधे नाश्ता, कामं, जेवण. दहाच्या सुमाराच्या चहाला ‘स्मोको’ म्हणतात आणि तो कोणी चुकवत नाही. काही फार्म दिवसातून एकदाच दूध काढतात. तिथे दूध कमी निघतं, पण माणसं माणसांसारखी दिसतात.

सुट्टीचं पत्रक ‘५-२’, ‘११-३’ असं सांगतात: अकरा दिवस काम, तीन दिवस सुट्टी. मुलाखतीत हे विचारायला लाजू नका. वेताच्या हंगामात हेच पत्रक चालतं की वेगळं, हेही विचारा.

कुटुंबात राहायचं म्हणजे त्यांच्याच घरात?

दोन प्रकार असतात. एक, फार्मवर तुमच्यासाठी वेगळं छोटं घर. दोन, त्यांच्याच घरातली एक खोली आणि त्यांच्याच टेबलावर जेवण. माझा पहिला सीझन दुसऱ्या प्रकारातला होता.

त्याचं सुख खरं आहे. भाषा महिन्याभरात सुटते, आजारी पडलात तर कोणीतरी सूप आणून देतं. पोरं तुम्हाला शाळेच्या ‘काफ क्लब’ला घेऊन जातात. तिथे मुलांनी स्वतः वाढवलेलं वासरू दोरीला धरून परीक्षकापुढे चालवायचं असतं. आमच्या घरातल्या सात वर्षांच्या मुलीचं वासरू मी तीन आठवडे रोज संध्याकाळी तिच्याबरोबर चालवलं. ते ऐन वेळी रिंगणात बसलं आणि उठेना. त्या घरात मी पाहुणी राहिले नाही ती त्या दिवसापासून.

पण त्याच टेबलावर रात्री आठला मालक म्हणतो, “उद्या जरा लवकर उठशील का?” तुम्ही भाजी वाढून घेत असता. नाही कसं म्हणणार? तो काही वाईट माणूस नसतो. तोही तेवढ्यालाच उठणार असतो. पण त्याचं ते शेत आहे आणि तुमची ती नोकरी आहे. ‘घरचंच माणूस आहेस’ हे वाक्य गोड असतं आणि महागही पडतं. मी पुढे एक पद्धत ठेवली: कामाचं बोलणं शेडमध्ये किंवा फोनच्या मेसेजवर, टेबलावर नाही. मालकिणीला हे आधी चमत्कारिक वाटलं. मग तिनेच नवऱ्याला तसं करायला लावलं, कारण तिलाही टेबलावर गायी नको होत्या.

बारीकसारीक गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्या. कपडे धुवायचं मशीन कधी वापरायचं, शेडचे कपडे त्यात चालतात का (सहसा चालत नाहीत, वेगळं जुनं मशीन असतं), सुट्टीच्या दिवशी जेवण धरलेलं आहे का, मित्र आले तर चालतील का. गमबूट दाराबाहेर, हे विचारायची गरज नाही. हिवाळ्यात गरम पाण्याची टाकी संपते आणि पाचवा माणूस थंड पाण्याने अंघोळ करतो. तो पाचवा माणूस तुम्ही होऊ नका, पण रोज पहिलेही होऊ नका.

जेवणाचं काय? शाकाहारी असले तर?

जमतं, पण आधी सांगा. बहुतेक घरांत रात्रीचं जेवण सहाच्या सुमारास, मांस आणि बटाटे. ‘कम ओव्हर फॉर टी’ म्हणजे चहाला या असं नाही, जेवायला या. मी पहिल्यांदा जेवून गेले होते. आणि ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हणजे रिकामी ताटली नव्हे, काहीतरी करून आणायचं. हा किस्सा तिथे प्रत्येक परदेशी माणसाच्या नावावर असतो.

आठवड्यातून एक दिवस स्वयंपाक तुम्ही करा. त्यातून जेवढं नातं जुळतं तेवढं महिनाभर बोलून जुळत नाही.

नर वासरांचं काय होतं?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी आणि दबक्या आवाजात विचारतात. सरळ सांगते. कळपासाठी लागतात तेवढ्याच कालवडी ठेवतात. उरलेल्या वासरांपैकी काही मांसासाठी वाढवायला जातात, आणि बरीच ‘बॉबी’ म्हणून, किमान चार दिवसांची झाल्यावर, कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये जातात. ती ट्रकसाठी तयार ठेवण्याचं काम तुमच्यावर येऊ शकतं. गाभण न राहिलेल्या गायीही सीझनअखेर जातात. शिवाय घरच्या खाण्यासाठी एखादं जनावर फार्मवरच कापलं जातं.

हे पचणार नसेल तर जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः ठरवलं होतं की वासरांना पाजीन, कोरडं अंथरूण घालीन, पण ट्रकवर चढवणार नाही, आणि हे मुलाखतीतच सांगितलं. एका मालकाने ‘मग नको’ म्हटलं, दुसऱ्याने ‘ठीक आहे’ म्हटलं. ऑगस्टमध्ये, ट्रक दारात उभा असताना सांगणं मात्र कोणावरच न्याय करणारं नाही.

पगार किती आणि कसा मोजायचा?

तिथे किमान वेतन तासावर असतं आणि सहसा दर १ एप्रिलला बदलतं. १ एप्रिल २०२५ पासून ते तासाला २३.५० न्यूझीलंड डॉलर होतं. तुम्ही जाल तेव्हाचा आकडा सरकारी संकेतस्थळावर बघा.

गोम इथे आहे. फार्मवर बऱ्याचदा वार्षिक पगार ठरतो. समजा ६०,००० डॉलर. पंधरवड्याला हातात येण्याआधीचे सुमारे २,३०८. भाकड काळात, आठवड्याला चाळीस तास काम असताना, हे चांगलंच वाटतं. पण वेताच्या हंगामात पंधरवड्याला ११० तास भरले तर २३.५० च्या हिशेबाने किमान २,५८५ व्हायला हवेत. म्हणजे त्या पंधरवड्यात तुम्हाला किमान वेतनापेक्षा कमी मिळालं. ‘वर्षाची सरासरी काढली तर भरून निघतं’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. प्रत्येक पगारात किमान वेतन पूर्ण झालंच पाहिजे. बऱ्याच मालकांना हे ठाऊक असतं, काहींना खरोखर नसतं, आणि काहींना नसल्याचं सोंग घेता येतं.

उपाय साधा आहे. रोज रात्री स्वतःच्या वहीत तास लिहा: किती वाजता शेडमध्ये, किती वाजता बाहेर. मालकाने नोंद ठेवायला हवीच, पण तुमची वेगळी असू द्या. भांडणासाठी नाही. माझ्या वहीमुळे एकदा मालकालाच कळलं की तो माझ्याकडून आणि स्वतःकडूनही किती तास काढतोय.

वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा मिळते. सार्वजनिक सुट्टीला काम केलं तर दीडपट वेतन, आणि तो तुमचा नेहमीचा कामाचा वार असेल तर बदली सुट्टीही. नाताळला गायी दूध द्यायचं थांबवत नाहीत, त्यामुळे हा नियम पाठ असू द्या.

घराचे पैसे कापतात का?

कापतात. किती, कशाचे आणि त्यात वीज-इंटरनेट आहे का, हे करारात लेखी हवं. नोकरीसोबत मिळालेल्या वेगळ्या घराला ‘सर्व्हिस टेनन्सी’ म्हणतात: नोकरी सुटली की घरही सुटतं, पण सहसा १४ दिवसांची नोटीस मिळते. भाड्याच्या घरांत हीटर, इन्सुलेशन यांचे किमान निकष कायद्याने ठरलेले आहेत. साउथलंडच्या जुलैमध्ये याला कागदापलीकडचं महत्त्व येतं.

व्हिसा कोणता लागतो? एजंटमार्फत जावं का?

नोकरीसाठी मुख्य रस्ता ‘ॲक्रेडिटेड एम्प्लॉयर वर्क व्हिसा’. आधी मालकाला इमिग्रेशन न्यूझीलंडकडून मान्यता घ्यावी लागते, मग त्या नोकरीच्या जागेची तपासणी, मग तुमचा अर्ज. अनुभवाचा पुरावा लागतो. ‘घरी गायी आहेत’ हे तोंडी सांगून भागत नाही. दूध संघाच्या पावत्या, पदविका, आधीच्या नोकरीची पत्रं जपून ठेवा. हा व्हिसा त्या मालकाशी आणि त्या जागेशी बांधलेला असतो. नुसतं फार्म बदलून चालत नाही, आधी परवानगी लागते. वर्किंग हॉलिडे व्हिसा कोणत्या पासपोर्टला मिळतो हे देशागणिक वेगळं आहे आणि बदलतही असतं.

पर्यटक म्हणून जाऊन ‘फक्त राहण्या-जेवणाच्या बदल्यात’ काम करणं हेही तिथे कामच धरलं जातं. हाती पैसा आला नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. या गैरसमजात चांगली चांगली मुलं अडकली आहेत.

एजंटबद्दल दोनच गोष्टी. न्यूझीलंडच्या इमिग्रेशनचा सल्ला परवानाधारक सल्लागार किंवा कायद्याने सूट दिलेली व्यक्ती, जसा तिथला वकील, हेच देऊ शकतात. परवानाधारकांची यादी ऑनलाइन उघडी आहे, नाव शोधून बघा. आणि नोकरी देण्यासाठी मालकाने किंवा त्याच्या वतीने कोणी पैसे घेणं तिथे बेकायदा आहे. जो ‘नोकरीचे इतके लाख’ म्हणतो त्याच्याशी पुढे बोलूच नका. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात द्यायचा नाही, ‘सुरक्षित ठेवतो’ म्हटलं तरी.

काम धोक्याचं आहे का?

आहे, आणि धोका बैलाचा कमी, क्वाड बाइकचा जास्त. चार चाकं असल्यामुळे ती सुरक्षित वाटते. उतारावर, ओल्या गवतात, मागे फवारणीची टाकी असताना ती उलटते आणि अंगावर येते. हेल्मेट घाला, नवीन असताना उतारावर जाऊ नका, आणि ‘चालवता येते का?’ या प्रश्नाला फुशारकीने हो म्हणू नका. त्यांना ‘नाही, शिकवा’ हे उत्तर आवडतं.

दुसरा धोका दिसत नाही: लेप्टोस्पायरोसिस. जनावरांच्या मुतातून माणसाला होणारा हा ताप तिथल्या डेअरी कामगारांना माहीत असलेला आजार आहे. हेरिंगबोनच्या खड्ड्यात उभं राहिलं की तोंडावर शिंतोडे उडतातच. गोमूत्राबद्दल मनात कितीही आदर असो, डोळ्यांत-तोंडात जाऊ देऊ नका, हातावरची जखम झाका, शेडमध्ये खाऊ-पिऊ नका. जोराची डोकेदुखी आणि ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा: ‘मी डेअरी फार्मवर काम करते.’ नाहीतर फ्लू म्हणून घरी पाठवतात.

अपघात झाला तर उपचाराचा बराचसा खर्च ‘एसीसी’ ही सरकारी योजना उचलते, अगदी पर्यटकाचाही. साध्या आजारपणाला ती लागू नाही. छोट्या मुदतीच्या व्हिसावर असाल तर विमा घेऊनच जा. आणीबाणीचा नंबर १११.

सगळ्यात मोठी चूक कोणती होऊ शकते?

औषध दिलेल्या गायीचं दूध टाकीत जाणं. मी केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

कासदाहाला प्रतिजैविक दिलं की ठरलेल्या दिवसांपर्यंत त्या गायीचं दूध वेगळं काढावं लागतं. अशा गायीवर रंगाची खूण करतात, पायाला लाल पट्टी बांधतात, फळ्यावर नंबर लिहितात. सप्टेंबरची पहाट होती, पाऊस होता. पट्टी चिखलाने इतकी माखली होती की लाल की तपकिरी कळेना. मी कप लावले. पाच-सहा गायी पुढे गेल्यावर फळ्याकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला.

दूध कंपनीचा टँकर प्रत्येक फार्मवरून दुधाचा नमुना घेतो. एका टाकीत औषध सापडलं तर टँकरमधलं बाकीच्या शेतकऱ्यांचं दूधही वाया जातं, आणि भुर्दंड ज्याच्यामुळे झालं त्याच्यावर. मला पाच मिनिटं वाटत होतं की गप्प बसावं. एवढ्या हजारो लिटरमध्ये एका गायीचं काय कळणार? मग मशीन थांबवलं आणि मालकाला फोन केला. तो आला, टाकीकडे पाहिलं, कंपनीला फोन लावला आणि सगळं दूध सोडून दिलं. मला म्हणाला, “टँकरच्या आधी सांगितलंस ना, मग ठीक.” दिवसभर पुढे एक शब्द नाही. संध्याकाळी शेडमध्ये नवा फळा होता, मोठ्या अक्षरांचा, मी उभी राहते त्याच्या बरोबर समोर.

तेव्हा चूक झाली की तत्क्षणी सांगा. लपवलेली चूक तिथे माफ होत नाही. आणि धार संपली की टाकीच्या तापमानाकडे नजर टाकायची सवय लावा. धार संपल्यापासून दोन तासांत, किंवा सुरू झाल्यापासून सहा तासांत, यांतलं जे आधी येईल तोवर दूध ६ अंशांवर किंवा खाली यावं लागतं. कूलरचं बटण विसरणं ही माझी दुसरी चूक होती. ती इथे सांगत नाही.

इंग्रजी जेमतेम आहे. चालेल का?

व्हिसाला लागेल तेवढं लागेलच. कामापुरतं लवकर येतं, अडचण उच्चारांची आणि मितभाषीपणाची. मालकाला नावाने हाक मारायची, ‘सर’ म्हटलं तर तो मागे वळून बघतो. ‘या, ना’ म्हणजे नाही. ‘त्या गेटकडे एकदा बघितलंस तर बरं’ याचा अर्थ आत्ता, ताबडतोब जा. आपल्याला आवाज चढल्याशिवाय राग कळत नाही, तिथे आवाज उतरला की समजायचं. कळलं नाही तर पुन्हा विचारा. मान डोलावून चुकीच्या पॅडकमध्ये गायी सोडण्यापेक्षा ते बरं.

मुलगी एकटी गेली तर?

मी गेले होते. शेडमध्ये बायका सर्रास असतात आणि वासरांचा विभाग तर बहुतेक त्यांच्याच हातात असतो. जाण्याआधी त्या फार्मवर आधी काम केलेल्या कोणाशी तरी, जमलं तर एखाद्या बाईशी, फोनवर बोला. मालक नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तेवढं उत्तर पुरेसं आहे. खोलीला आतून कडी आहे का हे विचारण्यात गैर काही नाही.

एकटं वाटतं का?

वाटतं. पहिल्या महिन्यात नाही, तेव्हा थकव्यामुळे काहीच वाटत नाही. सप्टेंबरच्या शेवटी, वेत ओसरले की वाटायला लागतं. गाव वीस-तीस किलोमीटरवर आणि बस नाही. म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स घेऊनच जा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने. ‘यंग फार्मर्स’चे क्लब जवळपास सगळीकडे आहेत, तिथे जा, रग्बी कळली नाही तरी चालेल. फार जड झालं तर १७३७ या समुपदेशनाच्या नंबरवर फोन किंवा मेसेज फुकट करता येतो, आणि ग्रामीण भागासाठी ‘रूरल सपोर्ट ट्रस्ट’ आहे. शेतकरी स्वतःही तिथे फोन करतात, त्यात कमीपणा मानत नाहीत.

मालक वाईट निघाला तर?

आधी लेखी मेसेज करून विचारा, बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. नाही मिटल्या तर ‘सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरो’ आणि ‘कम्युनिटी लॉ सेंटर’ फुकट सल्ला देतात, आणि कामगार निरीक्षकांकडे तक्रार करता येते. पिळवणूक होत असल्याचं तपासात दिसलं तर मालक सोडून राहता यावं म्हणून सहा महिन्यांपर्यंतचा वेगळा व्हिसाही आहे. व्हिसा मालकाशी बांधलेला आहे म्हणून सोसत राहण्याची गरज नाही, हे मला तिथे दुसऱ्या वर्षी कळलं. पहिल्या वर्षी कळायला हवं होतं.

सोबत काय न्यावं?

लोकरीचे मोजे, भरपूर. बाकी तिथेच घ्या. रेनकोट आणि गमबूट तिथले वापरायचे, आपले पावसाळी तिथल्या पावसात दोन दिवस टिकत नाहीत. गोठ्यात वापरलेले बूट नेऊच नका, आणि नेलेच तर स्वच्छ धुऊन विमानतळावर जाहीर करा. न्यूझीलंडमध्ये लाळ-खुरकूत कधीच आलेली नाही आणि ती येऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून बसलेत. खाण्याचे पदार्थही जाहीर करायचे. न सांगितल्यास तिथल्या तिथे ४०० डॉलर दंड. २०१७ मध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस हा गायींचा आजार शिरला, तेव्हापासून तर एका फार्मवरून दुसऱ्यावर जातानाही बूट धुतात.

पुढे स्वतःचा कळप होऊ शकतो का?

तिथे ‘शेअरमिल्किंग’ नावाची जुनी वाट आहे. जमीन मालकाची, गायी तुमच्या, दुधाचं उत्पन्न साधारण निम्मं-निम्मं. पैसे लिटरवर नाही, फॅट आणि प्रोटीन मिळून जितके किलो भरतात त्यावर. कामगार, मग हर्ड मॅनेजर, मग ठरावीक दराने दूध काढून देणारा कंत्राटदार, मग शेअरमिल्कर, आणि नशीब असेल तर शेवटी जमीन. पण तात्पुरत्या व्हिसावर हा जिना चढता येत नाही, आधी कायम वास्तव्याचं बघावं लागतं. पहिल्या वर्षी हा विचार बाजूला ठेवा.

फार्म सोडताना काय बघावं?

करारात असेल तेवढी नोटीस लेखी द्या, शक्यतो सीझन संपताना. ऑगस्टमध्ये सोडून गेलेल्या माणसाचं नाव त्या भागात सगळ्यांना कळतं. न घेतलेल्या रजेचे पैसे शेवटच्या पगारात आले का ते तपासा. घराचा बाँड, म्हणजे अनामत, भरला असेल तर तो परत मागा. मालकाकडून शिफारसपत्र आणि त्याचा फोन नंबर घ्या, पुढच्या व्हिसाला दोन्ही लागतात. करवर्ष ३१ मार्चला संपतं. जास्त कापलेला कर त्यानंतर परत येतो, म्हणून बँकेचं खातं लगेच बंद करू नका. मी केलं होतं, आणि १८६ डॉलर मिळायला मला आठ महिने लागले.